हिरवी चौकट

प्रज्ञाने जाता जाता दारात उभं राहून पुन्हा एकदा बजावलं होतं. "हर्षे, डेस्कटॉप दिसला म्हणजे काम झालं, असं समजू नकोस. अगदी शेवटी पडद्यावर एक हिरवी चौकट येते. ती आल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. ही सिस्टीम आपलं आपण सगळं टाकते, पण पसारा उचलते सगळ्यात शेवटी."

"हो गं बाई, कळलं," हर्षदा म्हणाली होती. तिची मान तिरकी होती, कारण कान आणि खांदा यांच्यामध्ये फोन दाबलेला होता, आणि फोनवर सासूबाई, भागीरथीबाई, सांगत होत्या की चंचल सकाळपासून तीनदा शिंकली. दोन वर्षांच्या पोरीच्या तीन शिंका एकीकडे आणि कुठली कोण ती हिरवी चौकट दुसरीकडे! हर्षदाने चौकट सोडून दिली आणि शिंका धरून ठेवल्या.

हर्षदा म्हणजे काही बेफिकीर बाई नव्हे. उलट काळजी हा तिचा जोडधंदाच होता. पाण्याची बाटली ती दोनदा उकळायची, दाराची कडी तीनदा बघायची, आणि चंचल शांत झोपली असली तर श्वास चालू आहे ना म्हणून नाकाशी बोट धरायची, त्यामुळे पोर जागी व्हायची ते वेगळंच. "पोरगी साखरेनी नही शे, इरघळाव नही," असं भागीरथीबाई अहिराणीत सुनावायच्या. पण बी.एस्सी. कॉम्प्युटर झालेली ही सून दोन वर्षं घरात बसून पोरीचा ताप मोजते आहे, हे त्यांनाही कुठेतरी खुपत असणार. म्हणूनच सुरतेत गोडादऱ्यातल्या किरीटभाईंच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये लॅब सांभाळायची नोकरी चालून आली, तेव्हा त्या म्हणाल्या, "जाय. तीन महिना देखू. नही जमनं तर घर बठ."

गंमत म्हणजे किरीटभाईही तेच म्हणाले होते. "हर्षदाबेन, त्रण महिना ट्रायल."

म्हणजे घरी तीन महिने आणि क्लासात तीन महिने, आणि दोन्हींकडचे तीन महिने येत्या रविवारी संपत होते. मधल्या काळात किरीटभाईंच्या डोक्यात आलं की आपल्या क्लासला ऑनलाइन परीक्षांचं केंद्र मिळवायचं. त्यांनी चोवीस कॉम्प्युटर आणले, अर्ज केला, आणि गुरुवारी दुपारी तीन वाजता परीक्षा घेणाऱ्या कंपनीचा माणूस तपासणीला येणार असं ठरलं. "सेंटर मळी जाय तो तमे कायम," किरीटभाई म्हणाले. नाही मिळालं तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

चोवीस यंत्रांवर एकेक करून सिस्टीम टाकायची तर आठवडा गेला असता. म्हणून हर्षदाने कॉलेजच्या मैत्रिणीला गळ घातली. प्रज्ञा कतारगामला एका हिऱ्यांच्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायची. तिने स्वतःचा लॅपटॉप आणून मधोमध ठेवला, वायरी जोडल्या, आणि बुधवारी सकाळी एक बटण दाबून चोवीसच्या चोवीस यंत्रं कामाला लावली. आता कुणी काही करायचं नव्हतं. यंत्रं स्वतः बंद होणार, स्वतः चालू होणार, पासवर्ड न विचारता स्वतःच आत शिरणार, आणि शेवटी स्वतःची झाडलोट करून हिरवी चौकट दाखवणार. लॅपटॉप शनिवारपर्यंत ठेव म्हणून सांगून प्रज्ञा आपल्या कामावर निघून गेली.

दुपारी सव्वाच्या सुमाराला हर्षदाचे सासरे भाईदासनाना डबा घेऊन आले. आणि पाठोपाठ भागीरथीबाईंचा फोन: "नव्व्याण्णव पॉइंट चार."

हर्षदाच्या हातातली पोळी ताटात पडली.

"नाना, मी दहा मिनिटांत येते. तुम्ही फक्त इथे बसा. कॉम्प्युटरला हात लावू नका. कुणालाही लावू देऊ नका."

"नही लावाव," नाना म्हणाले. नाना खोटं बोलत नसत. अडतीस वर्षं त्यांनी गोडादऱ्यातल्याच एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात काढली होती आणि तिथे खोटं बोलून भागत नाही, धागा तुटला की तुटलेला दिसतोच.

घरी जाऊन बघते तर चंचल हसत होती. भागीरथीबाईंनी गरम दूध पाजल्यापाजल्या तोंडात थर्मामीटर धरलं होतं. हर्षदाने काखेत लावून मोजलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं, मग स्वतःचंही मोजलं, कारण थर्मामीटरच बिघडलं असेल तर? सगळं ठीक निघालं. ती परत आली तेव्हा सव्वादोन झाले होते.

लॅबमध्ये उदबत्तीचा वास होता. चोवीस पडद्यांवर निळाशार डेस्कटॉप झळकत होता. प्रत्येक पडद्याच्या कपाळावर, म्हणजे वरच्या काळ्या पट्टीवर, कुंकवाचा टिळा होता. दारात फोडलेला नारळ होता, आणि नाना हात जोडून उभे होते.

"नाना, हे काय?"

"नवं यंत्र घरात आलं आणि बिनपूजेचं कामाला लावलं? शोभतं का?" नाना सुनेशी जरा शुद्ध बोलायचा प्रयत्न करायचे. "फक्त टिळा लावला. हात नाही लावला. बघ, पूजा झाली आणि कसे सगळे एकदम उजळले!"

हिरवी चौकट कुठेच नव्हती. प्रज्ञाचे शब्द हर्षदाला आठवले, नाही असं नाही. पण तिने स्वतःची समजूत काढली की चौकट येऊन गेली असेल, मी घरी होते ना. आणि तिने खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला.

गुरुवारी सकाळी साडेनऊला तिने विजेचा मेन चालू केला आणि चोवीस यंत्रं जागी झाली. जागी झाली म्हणजे कशी? एकानेही पासवर्ड विचारला नाही. सगळी थेट आत शिरली, तीही मालकाच्या अधिकाराने. मग प्रत्येक पडद्यावर इंग्रजीत एक खिडकी उघडली: 'अमुक फाईल सापडली नाही.' ती बंद केली की दुसरी: 'आधीचं काम अर्धवट आढळलं. पुन्हा सुरुवातीपासून करायचं का?' खाली 'हो' आणि 'नाही'.

हर्षदाने एक नंबरला 'नाही' म्हटलं आणि यंत्र बंद करून चालू केलं. पुन्हा तेच. पाच नंबर, तेच. सतरा, तेच. चोवीस जणांचा तोच प्रश्न, आणि तपासणीच्या यादीत पहिल्या ओळीत लिहिलेलं: पासवर्डशिवाय यंत्र उघडता कामा नये.

तेवढ्यात किरीटभाई आले. पिस्त्याच्या रंगाचा सफारी घालून, तपासणीच्या तयारीने.

"आ शुं छे, बेन? बधा शुं पूछे छे?"

"किरीटभाई, हात लावू नका. ते विचारतंय, सगळं पुन्हा सुरू करू का."

"तो पूछे छे तो हा पाडी दो ने! बिचारा क्यारना पूछे छे!"

"हो म्हटलं तर सगळं पुसून पहिल्यापासून सुरू होईल!"

किरीटभाईंनी हात मागे बांधला, पण डोळे त्या 'हो'वरच राहिले. अडला माणूस दिसला की मदत केल्याशिवाय त्यांना राहवत नसे, आणि इथे तर चोवीस अडले होते. "पण झालंय काय?" त्यांनी मराठीत विचारलं. घाबरले की ते मराठीत येत.

"समजा घरी लग्न झालं," हर्षदा म्हणाली. "पाहुणे गेले, जेवणावळ संपली. पण मांडववाल्याने बांबू नेलेच नाहीत. आणि त्याने एका माणसाला किल्ली देऊन सांगून ठेवलंय की रोज सकाळी आत जा आणि पुढचं काम विचार. मांडववाला गेला, हा माणूस राहिला. रोज दार उघडून आत येतो, मालकाला हाका मारतो, मालक सापडत नाही, मग विचारतो, नवा मांडव घालू का?"

"तो ए माणस ने काढो!"

"तोच तर शोधायचाय."

तिने प्रज्ञाला फोन लावला. तिकडून पहिला प्रश्न आला, "हिरवी चौकट बघितलीस ना?" हर्षदा चंचलच्या तापाचं सांगू लागली. बारावीपासूनची मैत्रीण असल्यामुळे प्रज्ञाला त्या तापाचा अर्थ कळला.

"बरं. सी ड्राइव्हमध्ये एक फोल्डर उरलं असेल, त्यात नोंदींची फाईल आहे. शेवटची ओळ वाच."

हर्षदाने वाचली. झाडलोट सुरू झाल्याची ओळ होती आणि पुढे काही नाही. वेळ एक बेचाळीस. तिने दोन नंबर उघडला. एक बेचाळीस. नऊ, एक बेचाळीस. वीस, एक बेचाळीस.

"चोवीसही जणी एका मिनिटाला मेल्या?" प्रज्ञा म्हणाली. "अगं, लाईट गेली होती का काल?"

हर्षदाने घरी फोन लावला. घरात फोन एकच होता, तो भागीरथीबाईंनी उचलला आणि नानांच्या कानाला लावला.

"नाना, काल पावणेदोनला क्लासमध्ये लाईट गेली होती का हो?"

"नाही गं. लाईट कशाला जाईल?"

हर्षदाला हायसं वाटलं.

"मीच बंद करी ना," नाना म्हणाले.

हर्षदा खुर्चीत बसली.

"मेन खाली ओढला, चोवीसले टिळा लावा, नारळ फोडा, मेन वर करी दिन्हा. पाच मिनिट नही लागनात."

"नाना, मी हात लावू नका म्हटलं होतं!"

"कॉम्प्युटरले कोठे लावा? मेनले लावा." मग आवाज थोडा चढला. "आणि चालू यंत्राला कुंकू लावतात का कधी? कारखान्यात दसऱ्याला आधी मेन पाडतात, मग पूजा. माझं बोट विसरलीस?"

नानांच्या उजव्या हाताच्या करंगळीचं अर्धं पेर नव्हतं. चालू लूमवर हात घातल्याची ती आठवण होती, आणि तेव्हापासून ते घरातल्या मिक्सरचंही झाकण बटण काढूनच उघडायचे. हर्षदाला रागावता येईना. जो नियम सुरतेतल्या निम्म्या कारखान्यांनी मानला, तो या माणसाने मानला होता. तिने मात्र एकच नियम ऐकला होता आणि तो शिंकांवारी घालवला होता.

पावणेअकरा वाजले होते. प्रज्ञाने सांगितलं तसं हर्षदाने एक नंबरवर काम सुरू केलं. उरलेलं फोल्डर पुसलं आणि यंत्र पुन्हा चालू केलं. आधी दोन खिडक्या येत होत्या, आता तीन आल्या.

"बांबू काढलेस, माणूस तसाच ठेवलास," प्रज्ञा फोनवर म्हणाली. मांडवाची उपमा तिलाही आवडली होती. "आता त्याला काहीच सापडत नाही, म्हणून तो जास्त ओरडतोय. रजिस्ट्रीत जा. सिस्टीमने कुणाला कधी उठवायचं याची ती वही. आधी तिची प्रत काढून ठेव, मग त्यातून त्याचं नाव खोड. आपोआप आत शिरायची परवानगी खोड. साठवलेला पासवर्ड खोड. दुसरं काही खोडलंस तर यंत्र उठणारच नाही."

"तू हे मला का सांगितलंस?"

"म्हणजे तू दोनदा बघशील."

हर्षदाने पाचदा बघितलं. प्रत काढली, प्रतीचीही प्रत काढली. मग श्वास रोखून एकेक नोंद पुसली. एक नंबर बंद झाला, चालू झाला, आणि शहाण्या मुलासारखा थांबून त्याने पासवर्ड विचारला. हर्षदाच्या डोळ्यांत पाणीच आलं. पण घड्याळात बघते तर बारा वाजून गेलेले. या हिशोबाने चोवीस व्हायला परवाचा दिवस उजाडला असता.

तिने तेवढ्या सगळ्या पायऱ्या एका छोट्या फाईलमध्ये लिहून काढल्या, म्हणजे फाईल चालवली की सगळं ओळीने व्हावं. लिहायला आणि तपासायला तास गेला. मग ती दोन नंबरसमोर उभी राहिली. फाईल चालवली, पुसणं बघितलं, बंद होताना बघितलं, चालू होताना बघितलं, पासवर्ड विचारतो का बघितलं, पुन्हा एकदा बघितलं. बारा मिनिटं. तीन नंबर, तसंच. दीड वाजून गेला.

"मम्मी!"

दारात नाना होते, कडेवर चंचल. घरी फोन ठेवल्यापासून त्यांच्या घशाखाली घास उतरला नव्हता, म्हणून ते निघाले, आणि नातीने सोडलं नाही म्हणून तिलाही घेऊन आले. हर्षदाने आधी पोरीच्या कपाळाला हात लावला, मग मानेला, मग पोटाला. नाना मात्र यंत्रांकडे बघत होते. सुनेने चार नंबर सुरू केला आणि पडद्यासमोर हाताची घडी घालून उभी राहिली, तसं त्यांच्याने राहवेना.

"हे काय करतेस?"

"बघतेय, नीट होतंय का."

"एका लूमपुढे उभं राहून कापड निघतं का पोरी? मी एकटा सोळा लूम बघायचो. चालणाऱ्याकडे बघायचं नसतं. चालू करायचं आणि पुढे जायचं. फिरत राहायचं. जे थांबलं, तेवढंच बघायचं."

"पण मधेच काही बिघडलं तर?"

"बिघडलं तर थांबेल. थांबलं की दिसेल. जे चालूच शे त्यानी काळजी कशाले?"

हे वाक्य यंत्रांबद्दल होतं की कडेवरच्या चंचलबद्दल, ते नानांनाच ठाऊक. हर्षदाला विचार करायला वेळ नव्हता. तिने पाच नंबरला फाईल चालवली आणि तिथे न थांबता सहाकडे गेली. सात. आठ. पहिल्यांदा तिची मान सारखी मागे वळत होती, नंतर वळेनाशी झाली. नाना चंचलला घेऊन दोन रांगांमधून फेऱ्या घालू लागले, पाठीमागे एक हात, नजर दोन्ही बाजूंना, जशी अडतीस वर्षं घातली होती.

"अकरा थांबना!" नाना ओरडले.

हर्षदा धावली. अकरावर एक फाईल अडली होती, ती बंद केली, पुन्हा चालवलं.

"सोळा थांबना!"

"साला!" चंचल ओरडली. सोळा म्हणायचं होतं तिला.

सव्वादोनला बावीस यंत्रं पासवर्ड विचारत होती. तेवीस बंद होऊन चालू होत होतं. हर्षदा चोवीसकडे वळली आणि जागच्या जागी थिजली. चोवीससमोर किरीटभाई बसले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एखाद्याला रस्ता दाखवल्याचं समाधान होतं.

"एक तो में करी नाख्युं," ते म्हणाले. "हा पाडी दीधी."

पडद्यावर एक टक्का. मग दोन टक्के. प्रज्ञाचा लॅपटॉप मधोमध इमानाने जोडलेला होता आणि चोवीस नंबरने सगळं पुसून पहिल्यापासून सुरुवात केली होती.

"याला किती वेळ?" किरीटभाईंनी बारीक आवाजात विचारलं. मराठीत.

"अडीच तास. आणि आता मध्ये बंद पडलं तर ते उठणारच नाही." हर्षदाने चंचलला स्वतःच्या कडेवर घेतलं. "नाना, मेनचं बटण बाहेर पुढच्या जिन्यापाशी आहे ना, तिथे स्टूल टाकून बसा. कुणीही येऊ दे, मालक येऊ दे, देव येऊ दे, बटणाला हात लागता कामा नये. मी येऊन सांगेपर्यंत उठायचं नाही."

"नही उठाव," नाना म्हणाले.

तीन वाजता तपासणीचा माणूस आला. तरुण होता, गळ्यात पट्टा, हातात टॅबलेट. त्याने सात नंबर उघडायला घेतला, पासवर्ड मागितला गेला. पंधरा, मागितला गेला. वीस, मागितला गेला. मग त्याची नजर पडद्यांच्या वरच्या पट्टीवर गेली. कुंकू पुसलं होतं, पण गुलाबी डाग राहिले होते.

"ये निशान क्या है? चौबीसों पे है."

हर्षदा रुमाल काढून डाग पुसायला पुढे झाली.

"टेस्टेड, ओके," किरीटभाई म्हणाले. "एक एक मशीन चेक करीने निशान कर्युं छे."

माणसाने टॅबलेटवर काहीतरी लिहिलं. लिहून तो चोवीसपाशी आला. एकतीस टक्के.

"और ये?"

आता खोटं सांगावं की खरं, यात हर्षदाचा एक क्षण गेला. पण सारवासारव करायची तर त्यासाठी लागणारी ताकद सकाळपासून संपली होती. "कालचं काम अर्धवट तुटलं होतं," ती हिंदीत म्हणाली. "तेवीस दुरुस्त केली. हे पहिल्यापासून करतोय. संध्याकाळपर्यंत होईल. मध्ये कुणी बंद करू नये म्हणून मेनवर माणूस बसवलाय."

तो बाहेर जाऊन बघून आला. नाना स्टुलावर बसले होते, पाठ बटणाला लावून, दोन्ही हात आडवे पसरून. त्याने नमस्कार केला तर नानांनी हात न हलवता नुसती मान हलवली.

"मैंने सौ सेंटर देखे," तो म्हणाला, "बिजली पे पहरा पहली बार देखा." आणि त्याने सही केली.

साडेचार वाजले होते. किरीटभाईंनी पेढे मागवले, पेढे खाऊन 'कायम, कायम' असं दोनदा म्हटलं आणि तसेच मागच्या जिन्याने दुसऱ्या कामाला गेले. पाचला चोवीस नंबरवर हिरवी चौकट आली. हर्षदाने ती डोळे भरून पाहिली, तिचा फोटो काढून प्रज्ञाला पाठवला, आणि त्याच क्षणी चंचल शिंकली. एकदा. मग दुसऱ्यांदा.

मागचा जिना रिक्षा स्टँडला जवळ पडतो, पोरीला घेऊन ती त्यानेच उतरली.

घरी पोचली, पोरीला गरम कपडे चढवले, काखेत थर्मामीटर लावलं, अठ्ठ्याण्णव. कायम झाल्याचं सासूबाईंना सांगितलं. भागीरथीबाई म्हणाल्या, "बरं झायं. मंग आते मी पोरगीले सांभाळसू, तू फोन करू नको." आणि चहा टाकता टाकता त्यांनी तीन कप काढले, तिसऱ्या कपाकडे बघितलं आणि विचारलं, "हर्षदा, तुना सासरा कोठे शे?"

हर्षदाने फोन काढून नानांना लावला. मागे खाटेवर घरातला फोन वाजू लागला.

तर मंडळी, नानांना कुणी उठवून आणेल का, हेच ती आत्ता सगळ्यांना विचारत सुटली आहे, आणि तुम्हालाही विचारते आहे. चंचल तिच्या मांडीवर नुकती झोपली आहे, तिला सोडून निघता येत नाही. किरीटभाई फोन उचलत नाहीत. तुम्ही वाचताय आणि गोडादऱ्याच्या बाजूला असाल, तर जरा किरीटभाईंच्या क्लासचा पुढचा जिना चढून बघा. मेनच्या बटणाला पाठ लावून एक म्हातारे गृहस्थ बसलेले असतील, उजवी करंगळी अर्धी आहे. चला म्हणाल तर उठणार नाहीत, ओढाल तरी उठणार नाहीत. त्यांना एवढंच सांगा, हर्षदाने निरोप दिलाय: नाना, चौकट हिरवी झाली. आणि त्यांनी काही खाल्लंय का, तेवढं बघा.